बोटाची कड

आसगाव
पाडवा, ३० मार्च २०२५

सौ. धुरपताबाईस,

बेचाळीस वर्षं एका चुलीवरचं जेवलेल्या माणसाने बायकोला पत्र लिहावं, असं काय अडलं, म्हणशील. फोन करून पाहिला. तीनदा केला. तू "हं" म्हणतेस, "जेवले का" विचारतेस आणि फोन खुशबूच्या हातात देतेस. मग आपली नात तिच्या परीक्षेचं सांगत बसते. म्हणून हे पत्र. तुझा चष्मा इथेच भिंतीतल्या दिवळीत राहिलाय, तेव्हा तीच वाचून दाखवेल. खुशबू, हळू वाच बाळ. स्वल्पविराम आला की थांबत जा.

गुढी उभारली. साखरेची गाठी आणली नाही. कडुनिंबाची डहाळी जरा मोठी बांधली. वारा आला की ती हलते आणि लुगड्याचा काठ फडफडतो, तेव्हा क्षणभर वाटतं तूच अंगणात कपडे वाळत घालते आहेस. मी आतून हाकही मारली. मागच्या घरच्या उषाबाईने ऐकली आणि भिंतीवरून म्हणाली, "काकाजी, काकू साकोलीले हायेत ना जी?" मी म्हटलं, पाठ करून राहिलो. कविता.

ते अगदीच खोटं नव्हतं. एकतीस वर्षं शाळेत शिपाई होतो, पण खरं पाहशील तर मी सातवीच्या वर्गाबाहेरच्या बाकावरचा विद्यार्थी होतो. गुरुजी आत कविता म्हणत आणि मी बाहेर हातात घंटेचा टोला घेऊन बसलेला. शेवटचं कडवं बाकी असलं की घंटा देववत नसे. हेडमास्तर बोलावून विचारायचे, "पुंडलिक, आजही तीन मिनिटं उशीर?" मी काय सांगणार! आता त्या कविता अशाच वेळी-अवेळी वर येतात, बोडीच्या पाण्यात बुडबुडे येतात तशा.

तू साकोलीला गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले. गावात विचारतात, तर मी हवापालट सांगतो. तू मात्र त्या सुईला कंटाळून गेलीस, हे मला कळतं. वर्षभर रोज सकाळी साखर तपासायला तुझं बोट धरायचं, टोचायचं, पिळायचं. तू डोळे मिटून घ्यायचीस आणि मी मशीनकडे पाहायचो. तुझ्याकडे पाहायला हवं होतं.

यावर उपाय शोधतो आहे. उपाय सापडला की कळवीन. मग येशील ना?

तुझा,
पुंडलिक


आसगाव
३ एप्रिल २०२५

सौ. धुरपतास,

काल अपेक्षाचा फोन आला. लेक म्हणून बोलली, पण आवाज तुझाच. "बाबा, माय म्हणते सुईचं जाऊ द्या, त्या दिवसाचं बोला." मी म्हटलं, लिहितो.

त्या दिवसाकडे येतो. त्याआधी मला जे कळलं ते तर ऐक.

तू गेल्यावर टोचायचं पेन, सुयांची डबी, मशीन सगळं तसंच पडून होतं. डबीतली नवी सुई काढली आणि ठरवलं की जे तुला वर्षभर केलं ते आधी स्वतःला करून पाहायचं. मशीनची पट्टी वापरली नाही, पट्ट्या तुझ्या आहेत. नुसतं टोचायचं आणि दुखतं किती ते पाहायचं.

पहिल्या दिवशी तुला टोचायचो तसंच टोचलं. पेनाचा खोलीचा आकडा पाचवर, डाव्या हाताचं मधलं बोट, बरोबर मधोमध, जिथे चक्र असतं तिथे. धुरपता, मी ओरडलो. कुत्रं उठून बसलं. आणि दिवसभर ज्या ज्या वस्तूला हात लावला ती ती वस्तू त्या बोटाला बोलली. पितळी गडू, सदऱ्याची गुंडी, दाराची कडी. हे तू वर्षभर सोसलंस, आणि त्याच बोटांनी तांदूळ निवडलेस.

आता कबूल करतो. आकडा पाचवर मीच ठेवला होता. मला वाटायचं, धानाची रोवणी करणाऱ्या बाईची कातडी, चिखलापाण्याने टणक झालेली, तिला पाच पाहिजेच. तुला कधी विचारलं नाही. दोनवरही थेंब येतो. माझ्या बोटाला दोन पुरला, तुझ्या बोटाला कदाचित तीन लागेल.

आणि सुई. तुला सांगितलं नव्हतं, एक सुई मी महिनाभर चालवायचो. दिसायला तर तशीच दिसते, एवढी चांगली सुई फेकायची कशी, असं वाटायचं. काल उषाबाईला दाखवली. ती आशाताई आहे, तिला या गोष्टींचं प्रशिक्षण झालेलं. तिने कपाळाला हात लावला. "काकाजी, दाढीचं पान तरी महिनाभर वापरता का जी? ही बोथट झाली की टोचत नाई, फाडते. एका वेळेले एक सुई, बस."

तेच बोट पुन्हा पुन्हा का, असंही तिने विचारलं. मी म्हटलं, भोक आधीच पडलेलं आहे ना, त्यातूनच थेंब सोपा येत असेल. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

आज करंगळीच्या शेजारच्या बोटाला टोचलं, मधोमध नाही, कडेला. नखाच्या बाजूला जी उतरण असते ना, शेतातल्या बांधीच्या धुऱ्यासारखी, तिथे. मुंगी चावल्याएवढंही नाही. मी दोनदा पाहिलं, खरंच टोचली का म्हणून. एक लाल थेंब आला होता, गुंजेएवढा.

तुझी बोटं मला पहिल्यांदा दिसली ती रोवणीत. तेव्हा आपलं लग्न ठरलेलं नव्हतं. तू ओळीत डावीकडून चौथी होतीस, आणि तुझी तीन बोटं चिखलात जात आणि बाहेर येत, जात आणि बाहेर येत, मागे हिरवी रेघ उमटत जाई. मी धुऱ्यावर उभा राहून ते पाहत राहिलो आणि माझा पेंढ्यांचा भारा खाली पडला. बायका हसल्या होत्या. खुशबू, एवढं वाचू नकोस. बरं, वाचलंस तर वाच.

उद्या कोमट पाण्याचा प्रयोग आहे.

तुझा,
पुंडलिक


आसगाव
७ एप्रिल २०२५

धुरपता,

काल रामनवमी झाली. देवळात गेलो, पण लवकर आलो. सगळे तुझंच विचारत होते.

कोमट पाण्याचं सांगतो. टोचण्याआधी हात कोमट पाण्यात धरले, मग खाली सोडून दोनचारदा झटकले, तर रक्त आपोआप बोटाच्या टोकाशी येऊन उभं राहतं. पिळावं लागत नाही. पिळलंच तर टोकाला नाही, बोटाच्या मुळापासून हळूहळू वर, गाय दुहतात तसं. मी तुझं टोक चिमटीत धरून दाबायचो, त्याने बोट काळंनिळं व्हायचं. आणि ते स्पिरिट. ओलं असतानाच टोचलं तर झोंबतं. मी कापसाने पुसायचो आणि फुंकही न मारता टोचायचो. उषाबाई म्हणते, साबणाने हात धुतले तर स्पिरिटची गरजच नाही. कोरडे मात्र करायचे.

आता तू म्हणालीस त्याकडे येतो.

एकोणीस मार्चचा बुधवार. तू पहाटे शेतावरच्या मोहाखाली फुलं वेचायला गेली होतीस. सूर्य वर येईतो टोपली भरून आलीस. मी मशीन घेऊन ओट्यावर बसलेलो. पदराने हात पुसलेस, मी स्पिरिट लावलं आणि टोचलं. आकडा आला चारशे बारा.

तू म्हणालीस, "मी काई खाल्लं नाई. चहाई नाई घेतला." मी म्हणालो, मशीन काय खोटं बोलते? तू म्हणालीस, "पुन्हा पहा ना मंग." मी पुन्हा पाहिलं नाही. मला वाटलं, त्या दुखऱ्या बोटाला पुन्हा कशाला टोचा. ही दया होती, धुरपता, देवाशप्पथ. मग तुझी संध्याकाळची गोळी मी सकाळीच दिली, आणि भात खाऊ दिला नाही. दुपारी तू दाराच्या चौकटीला टेकून बसलीस, घामाने भिजलीस, आणि हाक मारली तर माझ्याकडे अनोळखी माणसासारखं पाहिलंस. साकोलीच्या दवाखान्यात साखर निघाली अठ्ठेचाळीस. डॉक्टर मला सगळ्यांसमोर रागावले, आणि ते बरोबर होतं. गोळ्यांची वेळ आपल्या मनाने बदलायची नाही, हे मी आता चुलीवरच्या भिंतीला लिहून ठेवलंय.

दवाखान्यात मी जे बोललो, त्याचं तुला लागलं, हेही माहीत आहे. अपेक्षा होती, जावई होते, शेजारच्या खाटेवरची बाई होती. तिने विचारलं, सकाळी साखर एवढी वर गेली कशी? मी म्हणालो, "लपून गोड खाते." जावई राजकुमार आपल्या स्वभावाप्रमाणे हसले, "मामीजी, फ्रिजले कुलूप लावा लागते आता." सगळे हसले. तू भिंतीकडे तोंड केलंस, आणि दवाखान्यातून थेट लेकीकडे गेलीस.

बोलायला नको होतं. चारचौघांत तर नाहीच. पण धुरपता, आता आपण दोघंच आहोत (आणि खुशबू). मोहाचा एखादा लाडू खाल्ला असशील तर खाल्ला. माणूस आहे, जीभ आहे. एकदा फक्त "हो" म्हण, मी पुन्हा कधी नाव काढणार नाही. आणि घरी ये. आता दुखणार नाही, याची हमी माझी दहा बोटं देतात.

तुझा,
पुंडलिक


आसगाव
१० एप्रिल २०२५, सकाळ

धुरपता,

खुशबूच्या अक्षरातलं कार्ड काल मिळालं. एकच ओळ. "आजी म्हणते, मी नाई खाल्लं, अन् आता तुमी पत्र नका लिहू." मी ते कार्ड आरशाच्या मागे खोचून ठेवलं. तरीही लिहितो आहे, कारण आज लिहावं लागेल अशी गोष्ट घडली आहे.

मलाही साखर निघाली.

घाबरू नकोस. मी घाबरलेलो नाही, उलट मन कसं हलकं झालंय. सांगतो. आज पहाटे उठलो आणि वाटलं, मोहाची फुलं पडून पडून वाळत असतील, गाईबैल खाऊन जातील. तुझी टोपली घेतली आणि गेलो. धुरपता, तू रोज एकटी हे पाहत होतीस? सगळीकडे धूसर, दव, आणि त्या धूसरात वरून एकेक फूल टप्प करून पडतं. कुणी तरी कविता म्हणत असावं आणि प्रत्येक शब्दापाशी थांबत असावं, तसं. मी वेचायचं सोडून ऐकतच बसलो. टोपली अर्धीच भरली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हे घ्या, गेले शाळेत."

घरी आलो, हात धोतराला पुसले, स्पिरिट लावलं, वाळू दिलं, आणि रोजच्यासारखं टोचलं. कडेला, दोनवर. थेंब इतका गोल, इतका सुंदर आला की वाया घालवावासा वाटेना. म्हटलं, एक पट्टी जाऊ दे. लावली. तीनशे अठ्ठेचाळीस.

मी मशीन उजेडात नेऊन तो आकडा पुन्हा वाचला. मग हसू आलं. सत्तरीत नवा सोबती. म्हटलं, आता आपण दोघं एका ओळीत. दोघांचा बिनसाखरेचा चहा एकाच भांड्यात होईल. तू माझं बोट धरशील, मी तुझं. सकाळी ओट्यावर बसून दोन आकडे लिहू, शाळेत हजेरी घेत तसे.

उषाबाईला दाखवून येतो. पत्र पूर्ण करतो आल्यावर.


त्याच दिवशी, दुपारी

धुरपता,

घाईत लिहितो आहे, अक्षर नीट येणार नाही. खुशबूला सांग, समजून वाच.

उषाबाईकडे गेलो. मशीन दाखवली. ती पहिलं वाक्य काय बोलली सांगू? "हात धुतले होते का जी?"

मी म्हटलं, पुसले होते. स्पिरिट लावलं होतं.

"काय करून आले होते?"

मी म्हटलं, मोहफुलं वेचून.

ती उठली, तांब्याभर पाणी आणि साबण आणला, माझे हात लहान पोराचे धुवावे तसे नखांपर्यंत धुतले, पंच्याने कोरडे केले आणि तिच्या मशीनवर दुसऱ्या बोटाला टोचलं. एकशे चार.

"काकाजी," ती म्हणाली, "मोहाच्या फुलात साखरच रायते ना. ते चिकट बोटाले लागून रायते. पुसल्यानं जात नाई, स्पिरिटनंई जात नाई. तुमचं रक्त नाई मोजलं मशीननं, मोह मोजला."

मी तिच्या ओट्यावरच बसलो. तिने पाणी दिलं ते हातात तसंच राहिलं. तिला वाटलं मला आनंद झाला. साखर नाही म्हणून. ती म्हणत होती, "नशीबवान आहात," आणि माझ्या डोळ्यांपुढे तू होतीस, पदराला हात पुसणारी. टोपली शेजारी. "मी काई खाल्लं नाई."

तू खरं बोलत होतीस.

तू खरं बोलत होतीस आणि मी तुला अन्न दिलं नाही. तू खरं बोलत होतीस आणि मी चौघांत तुला चोरटी केलं. "पुन्हा पहा" म्हणालीस. एक तांब्या पाणी आणि एक पट्टी, एवढंच अंतर होतं. मी दया म्हणून पुन्हा टोचलं नाही, असं मागच्या पत्रात लिहिलं. ते खोडून टाक. मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, म्हणून पुन्हा टोचलं नाही.

हे पत्र टाकून येतो, पण रविवारी मी स्वतः येतो आहे. जे चौघांत बोललो ते चौघांतच परत घेईन. राजकुमाररावांना रविवारी दुकानात न जाता घरी थांबायला सांग.

पुंडलिक


आसगाव
१५ एप्रिल २०२५

धुरपता,

काल रात्री घरी पोचलो. दोन बस बदलाव्या लागल्या, पण खिडकी मिळाली. लाखांदूरपुढे सगळीकडे उन्हाळी धान पोटरीला आलेलं. मी डोळे मिटून घेतले तरी हिरवं दिसत होतं.

रविवारी काय झालं ते तुझ्यासमोरच झालं, तरी मला ते पुन्हा लिहून पाहायचं आहे, कारण तुझ्या बाजूला बसलो होतो, तुझा चेहरा मला दिसला नाही. मी डब्यात पहाटेची फुलं आणली होती. सगळ्यांना बसवलं आणि उभा राहून सांगितलं, शाळेत चूक केलेला पोरगा सांगतो तसं. माझी जीभ दोनदा अडखळली. राजकुमारराव म्हणाले, "जाऊ द्या ना मामाजी, गंमत होती ते." तेव्हा तू पहिल्यांदा बोललीस, "गंमत तुमाले. मले नाई."

मग तूच डबा ओढलास आणि जावयाचं बोट धरून फुलांत दाबलंस. चांगलं कुस्करलंस. "पुसा आता रुमालाले. अन् लावा तुमची मशीन." केवढा घाबरला तो! सहा फुटी माणूस, मी सुई लावायच्या आधीच "आई गं" म्हणाला. दोनशे शहाण्णव. तू विचारलंस, "काहून जी, जावईबापू, लपून काय खाल्लं?" अपेक्षा इतकी हसली की तिला ठसका लागला. हसता हसता ती रडायला लागली आणि तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं. "माय, मीही नाई मानलं तुहं." तू तिच्या केसांतून हात फिरवलास.

मग सगळ्यांनी कोमट पाण्यात हात धुऊन मला बोटं दिली. खुशबूने दिलं, अपेक्षाने दिलं, शेजारच्या म्हातारीनेही दिलं. प्रत्येकाची सुई वेगळी, प्रत्येकाची कड वेगळी. "लागलं नाई," "लागलं नाई" असं सगळे म्हणत होते आणि मी आपला फुलत चाललो होतो.

तू हात दिला नाहीस. पदराखाली ठेवलेस. मी एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहायचं धाडस झालं नाही. निघताना तू डब्यात भाकर बांधून दिलीस. त्यावरून मी पुष्कळ काही समजून घेतलं आहे. बरोबर समजलो ना? चूक कळली, कबूल केली, उलगडली. आता येशील ना?

पुंडलिक


साकोली
१८ एप्रिल २०२५

आबाजी,

हे आजी सांगून राहिली अन् मी लिहून राहिली. तिने सांगितलं की माझ्या मनाचं एकही अक्षर नाही घालायचं. म्हणून जसं बोलली तसंच लिहिते. – खुशबू

पुंडलिकराव,

तुमी आले. सगळ्यायसमोर बोलले. कोण बोलते येवढं? आपल्या गावात त कोणी नाई बोलत बायकोसाठी. ते मी पायलं, अन् ते मी ध्यानात ठेवीन.

पण मले चार दिवस झोप नाई. एक इचारतो, सरळ सांगा. कविता नका लावू.

तुमी त्या दिवशी मोह येचाले गेलेच नसते तर? नाईतर आले अन् हात धुतले असते तर? तुमची साखर चांगलीच निघाली असती. मंग मी काय रायली असती? लबाड. मरेपर्यंत लबाड. फुलानं माह्या बाजूनं साक्ष देल्ली म्हणून तुमी मानलं. मशीननं पयले माह्या विरुद्ध देल्ली, ते मानली. अन् मी? मी त बेचाळीस वरसं तुमच्यासोबत आहो. माही साक्ष कोणत्या दिवशी चालते?

सुई दुखे ते खरं. पण मी हात त्याच्यासाठी नाई लपवला. बोट देनं म्हंजे काय सोपं असते का? आपलं रक्त दुसऱ्याच्या हाती द्या लागते, अन् थो पाहून सांगते आपण कसे आहो. टोचून झालं का तुमी आकड्याकडं पाहत होते, मी तुमच्याकडं पाहत होती. त्या दिवशी तुमच्या डोळ्यात मले दिसलं, का मी संपली.

याचं उत्तर द्या. मंग पाहू.

धुरपता


आसगाव
२२ एप्रिल २०२५

धुरपता,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तीन उत्तरं लिहिली आणि तीनही चुलीत घातली. तिन्हीत कविता शिरली होती.

सरळ सांगतो. होय. मी मोहाखाली गेलो नसतो तर तू माझ्या मनात लबाडच राहिली असतीस. मी तुला माफ केलं असतं, आणि माफ केल्याचा मला अभिमानही वाटला असता. तुझ्याशी प्रेमानेच वागलो असतो, रोज सकाळी आकडा पाहिला असता, आणि थोडा जरी वर आला असता तरी काही न बोलता डबे तपासले असते. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तू विचारलंस ते हेच.

तुझी साक्ष कोणत्या दिवशी चालते, याचं उत्तर मला देता येत नाही. बेचाळीस वर्षांत तू कधी खोटं बोललीस ते आठवून पाहत बसलो. एकदा बोलली होतीस. माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात, तिला भूक लागायची आणि तू म्हणायचीस मी जेवले, तुम्ही खा. तेवढंच.

तुझ्या साखरेच्या वहीच्या पानावर आतापर्यंत दोन रकाने होते, तारीख आणि आकडा. आज फूटपट्टी धरून तिसरा आखला, आकड्याच्या आधी. त्यात काल रात्री काय खाल्लं, कसं वाटतं, हे तू सांगायचं आणि मी तुझ्याच शब्दांत लिहायचं. आकडा त्यानंतर. दोन्ही जुळले नाहीत तर तुझे हात पुन्हा धुऊ, दुसऱ्या बोटाची कड घेऊ, मशीन तपासू, पट्टीची तारीख पाहू. शंका घ्यायची तर त्या सगळ्यांवर घेऊ. तुला मी विचारीन ते ऐकण्यासाठी, पकडण्यासाठी नाही. आणि बोट माझ्या हाती द्यायचं नसेल तर देऊ नकोस. पेन तुझ्या हातात देईन. आता ते कठीण नाही, मी शेजारी पाणी गरम करून बसेन.

गुरुवारच्या सकाळच्या बसने साकोलीला येतो. तू निघालीस तर दोघं येऊ. नाही निघालीस तर वही ठेवून परत येईन, तिसरा रकाना तू तिथेच भर.

पुंडलिक